बाळाचे जुलाब आणि चाकासारखा विषाणू

थंडी पडू लागली की दवाखान्यात एक दृश्य हमखास दिसते. सहा महिने ते दोन वर्षांचे मूल, आदल्या रात्रीपासून उलट्या, अंगात कणकण, आणि सकाळपासून पाण्यासारखे जुलाब. आई म्हणते, "डॉक्टर, दात येताहेत." आजी म्हणते, "दृष्ट लागली." वडिलांचा आग्रह असतो, "काही तरी चांगले अँटिबायोटिक द्या, नाही तर सरळ सलाइन लावा." शेजारीण सांगून गेलेली असते की दूध बंद करा, पोटाला विश्रांती द्या.

यातील बहुतेक गोष्टी बाळाच्या उपयोगाच्या नाहीत आणि काही तर घातक आहेत. तसे का, हे समजून घ्यायचे असेल तर या आजाराचे एक मोठे कारण असलेल्या रोटाव्हायरस या विषाणूची रचना पाहावी लागते. ही रचना कोणी पाहिली, कोणत्या यंत्राने पाहिली आणि त्यातून आपल्या मुलांच्या तोंडात पडणारे लसीचे थेंब कसे तयार झाले, याची माहिती आजच्या लेखात करून घेऊ.

विषाणू डोळ्यांना का दिसत नाही?

शाळेच्या प्रयोगशाळेत आपण कांद्याची साल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली असते. त्या यंत्रात प्रकाश आणि भिंगे वापरलेली असतात. त्याच यंत्राने डॉक्टर मलेरियाचे जंतू पाहतात, क्षयाचे जंतू पाहतात. मात्र त्याला एक मर्यादा आहे. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८७३ सालीच दाखवून दिले की प्रकाशाच्या लहरींची जी लांबी आहे, तिच्या साधारण निम्म्याहून लहान वस्तू कितीही चांगले भिंग घेतले तरी स्पष्ट दिसणार नाही. ही मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर येते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर.

रोटाव्हायरसचा व्यास सुमारे ७५ नॅनोमीटर आहे. एका मिलिमीटरच्या रेषेवर असे तेरा हजार विषाणू ओळीने मांडता येतील. आणखी सोप्या भाषेत सांगायचे तर, हा विषाणू ज्वारीच्या दाण्याएवढा मोठा केला आणि त्याच प्रमाणात माणूस मोठा केला, तर माणसाची उंची ९० किलोमीटरच्या आसपास भरेल! इतकी लहान वस्तू प्रकाशाने दिसणे शक्यच नव्हते.

यावर उपाय निघाला तो बर्लिनमध्ये. १९३१ साली अर्न्स्ट रुस्का आणि माक्स नोल या इंजिनिअरांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत वापरून पाहिला. काचेच्या भिंगाऐवजी त्यांनी विजेच्या तारेची वेटोळी वापरली. त्यांच्या चुंबकीय शक्तीने इलेक्ट्रॉनचा झोत भिंगातून गेल्यासारखा एकत्र येतो. एक लाख व्होल्टचा दाब दिलेल्या इलेक्ट्रॉनची लहर दृश्य प्रकाशापेक्षा सुमारे एक लाख पटीने आखूड असते. त्यामुळे प्रकाशाला जमले नाही ते या यंत्राला जमले. अर्न्स्ट यांचे धाकटे बंधू हेल्मुट रुस्का हे डॉक्टर होते. या यंत्राचा उपयोग रोगजंतूंच्या अभ्यासासाठी होईल हे त्यांनी ओळखले आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस विषाणूंची पहिली छायाचित्रे घेतली. अर्न्स्ट रुस्का यांना या शोधासाठी नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र १९८६ साली, म्हणजे पहिल्या यंत्रानंतर ५५ वर्षांनी.

या यंत्राच्या काही अडचणीही आहेत. इलेक्ट्रॉन हवेतून नीट जात नाहीत, म्हणून यंत्राच्या नळकांड्यातील सगळी हवा काढून टाकावी लागते. अशा निर्वात जागेत ओला, जिवंत नमुना ठेवता येत नाही. शरीराचा तुकडा पाहायचा तर तो रसायनात मुरवून, राळेसारख्या पदार्थात घट्ट बसवून, त्याचे १०० नॅनोमीटरहूनही पातळ काप काढावे लागतात. आणि चित्र मिळते ते काळे-पांढरे. वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर विषाणूंची जी लाल-हिरवी चित्रे दिसतात, ती नंतर रंगवलेली असतात. प्रकाशाच्या लहरीहून लहान असलेल्या वस्तूला आपण म्हणतो तसा रंगच नसतो.

मेलबर्नची नऊ मुले

आता ऑस्ट्रेलियात जाऊ. १९७० च्या सुमारास जगभरच्या बालरुग्णालयांत एक कोडे होते. जुलाबाने आजारी पडलेल्या मुलांच्या शौचाची तपासणी केली की थोड्यांमध्ये जंतू सापडत, पण बहुसंख्य मुलांमध्ये काहीच सापडत नसे. मुले तर वाळून जात होती. औषध कशावर द्यायचे?

मेलबर्न येथील रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये रूथ बिशप या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ या प्रश्नावर काम करीत होत्या. तेथील डॉक्टर आजारी मुलांच्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून, तोंडावाटे नळी घालून, अगदी बारीक तुकडा तपासणीसाठी घेत. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या तुकड्यात नासधूस स्पष्ट दिसे. आतड्याच्या आतील बाजूला मखमलीसारखे बारीक बोटांच्या आकाराचे उंचवटे असतात. अन्नरस आणि पाणी शोषून घेण्याचे काम तेच करतात. आजारी मुलांमध्ये ही बोटे झिजून बुटकी झालेली असत. काही आठवड्यांनी पुन्हा तपासले की सारे पूर्ववत. नुकसान करणारा कोणी तरी येऊन जात होता, पण त्याचा माग लागत नव्हता.

बिशप यांनी मेलबर्न विद्यापीठातील इयन होम्स यांच्या मदतीने हे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे ठरवले. जेफ्री डेव्हिडसन आणि ब्रायन रक हे त्यांचे आणखी दोन सहकारी. तपासलेल्या नऊ मुलांपैकी सहा मुलांच्या आतड्याच्या पेशींमध्ये एकाच आकाराचे, गोल विषाणू खच्चून भरलेले दिसले. हे संशोधन १९७३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे थॉमस फ्लुएट यांनी सिद्ध केले की त्यासाठी आतड्याचा तुकडा काढण्याचीही गरज नाही. मुलाच्या शौचाचा नमुना घेतला तरी विषाणू दिसतो. येथे वापरलेली युक्ती समजण्याजोगी आहे. अंगणात एक पान ठेवून त्यावर आणि भोवती गेरूचे पाणी शिंपडले आणि पान उचलले, तर पानाचा आकार गेरूच्या मध्ये कोरा उमटतो. तसेच येथे टंगस्टन या जड धातूचे द्रावण वापरतात. ते विषाणूच्या भोवती आणि खाचाखोचांत साचते, इलेक्ट्रॉनना अडवते आणि काळ्या पार्श्वभूमीवर विषाणूचा आकार उजळ उमटतो. १९५९ मध्ये ब्रेनर आणि हॉर्न यांनी केंब्रिजला ही पद्धत सोपी करून दाखवली. त्यानंतर नमुना तयार करायला दिवस लागायचे, तेथे मिनिटे पुरू लागली.

फ्लुएट यांना जे दिसले ते हुबेहूब चाक होते. आपल्या बैलगाडीचे चाक डोळ्यांपुढे आणा. मध्ये रुंद तुंबा, त्यापासून निघालेले आखूड आरे आणि बाहेरून गोल धाव. लॅटिन भाषेत चाकाला 'रोटा' म्हणतात. म्हणून १९७४ साली रोटाव्हायरस हे नाव सुचवले गेले आणि तेच रूढ झाले.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने हा विषाणू इतक्या सहज सापडण्याचे कारण त्याची प्रचंड संख्या. या यंत्रात विषाणू दिसायचा तर नमुन्याच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे दहा लाख विषाणू तरी लागतात. आजारी बाळाच्या एक ग्रॅम शौचात ते एक हजार कोटी किंवा त्याहूनही अधिक असू शकतात. उलट दुसऱ्या बाळाला आजारी पाडायला त्यातले शंभरएक पुरतात. या दोन आकड्यांमधील तफावत लक्षात घेतली की ही साथ घरोघर का फिरते ते कळते. जगातील जवळजवळ प्रत्येक मूल, श्रीमंत देशातले असो वा गरीब, पाच वर्षांचे होईपर्यंत एकदा तरी या विषाणूच्या तावडीत सापडते. फरक इतकाच, की वेळेवर उपचार मिळालेले मूल बरे होते.

तीन कवचांचा किल्ला

पुढील काळात या विषाणूची रचना अधिक बारकाईने पाहता आली ती शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने. या पद्धतीत नमुना इतक्या झटकन गोठवतात की पाण्याचे बर्फाचे स्फटिक न होता ते काचेसारखे थिजते. विषाणू जसाच्या तसा राहतो. मग हजारो विषाणूंची चित्रे घेऊन संगणकाच्या साह्याने एकत्र केली की त्याची सर्व बाजूंनी घडण तयार होते. या तंत्राचा पाया घालणाऱ्या झाक द्युबोशे, योआखिम फ्रांक आणि रिचर्ड हेंडरसन यांना २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. रोटाव्हायरसची अशी घडण १९८८ मध्ये प्रथम मांडणाऱ्यांत बी. व्ही. व्यंकटराम प्रसाद हे मूळचे भारतीय शास्त्रज्ञ होते, ही आपल्यालाही अभिमानाची गोष्ट.

काय दिसले? एकात एक अशी प्रथिनांची तीन कवचे. सर्वांत आत आनुवंशिक द्रव्याचे, म्हणजे आरएनएचे, ११ तुकडे. बाहेरच्या कवचावर ६० काटे. आणि कवचांना आरपार जाणाऱ्या १३२ बारीक वाटा.

या प्रत्येक भागाचा आजाराशी संबंध आहे. बाहेरील काटे म्हणजे पेशीत शिरण्याची किल्ली. गंमत अशी की ही किल्ली घासून नीट बसती करण्याचे काम आपलेच शरीर करते. जेवण पचवणारा ट्रिप्सिन नावाचा पाचकरस त्या काट्यांना मोक्याच्या ठिकाणी कापतो आणि मग विषाणू अधिक जोमाने पेशीत घुसतो. आत शिरल्यावर त्याचे बाहेरचे कवच गळून पडते, कारण ते कॅल्शियमच्या आधाराने उभे असते आणि पेशीच्या आत कॅल्शियम फार कमी असते. आतली दोन कवचे मात्र उघडतच नाहीत. त्यांच्या आत बसूनच हा विषाणू आपल्या आदेशांच्या प्रती तयार करतो आणि त्या बारीक वाटांनी पेशीत सोडतो. मूळ आरएनए पेशीच्या पहारेकऱ्यांच्या नजरेस पडत नाही. चोराने घरात शिरून आतून कडी लावून घ्यावी, तसा हा प्रकार.

पेशी मरतात, ती मखमली बोटे झिजतात, पाणी शोषले जात नाही. शिवाय हा विषाणू एक विषारी प्रथिनही बनवतो, त्यामुळे आतड्यात उलट पाणी झिरपते. पाण्यासारखे जुलाब होतात ते यामुळे. दातांचा यात काही संबंध नाही. दात येण्याचे वय आणि या विषाणूचे वय एकच असते, एवढाच योगायोग.

रचनेवरून उपचार

आता सुरुवातीच्या प्रश्नांकडे वळू.

अँटिबायोटिक का नको? ही औषधे जिवाणूंची भिंत फोडतात किंवा त्यांची यंत्रणा बंद पाडतात. विषाणूला तशी भिंतही नाही आणि स्वतःची यंत्रणाही नाही. तेव्हा पाण्यासारख्या साध्या जुलाबात या औषधांचा फायदा शून्य, आणि त्यांच्यामुळे जुलाब वाढण्याचीच शक्यता. शौचातून रक्त पडत असेल तर मात्र तो वेगळा आजार असू शकतो. तेथे डॉक्टर तपासून औषध ठरवतील.

मग इलाज काय? जे पाणी आणि क्षार जातात ते परत देणे. आतड्याची बरीच पेशी-संपत्ती नष्ट झाली तरी ग्लुकोज आणि मीठ बरोबर दिले की ती जोडी एकमेकांच्या आधाराने शोषली जाते आणि पाठोपाठ पाणीही आत येते. जलसंजीवनीचे सारे सामर्थ्य या एका गोष्टीत आहे. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, डॉ. दिलीप महालनबीस यांनी ती हजारो रुग्णांना देऊन तिची ताकद जगाला दाखवली. शुद्ध हरपलेल्या किंवा काहीच पोटात न ठरणाऱ्या मुलाला सलाइन लागतेच, पण इतर बहुतेक मुले वाटी-चमच्यावर बरी होतात.

जलसंजीवनीचे मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण टाकावे. निम्मे पाकीट, निम्मे पाणी असा हिशेब करू नये. तयार पाणी २४ तासांत संपवावे, उरलेले टाकून द्यावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याने घोट घोट द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा अधिक सावकाश सुरू करावे. अंगावरचे दूध मुळीच बंद करू नये. वरचे खाणाऱ्या मुलाला मऊ भात, पेज, वरणाचे पाणी, ताक चालते. बाटलीतील गोड शीतपेये देऊ नयेत, त्यातील जादा साखरेने जुलाब वाढतात. जोडीला झिंकची गोळी १४ दिवस द्यावी. सहा महिन्यांवरील बाळाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम. जुलाब थांबले म्हणून ती मध्येच सोडू नये.

हात धुण्याविषयी एक खुलासा. करोनाच्या काळात आपण ऐकले की साबणाने विषाणू मरतो. करोनाच्या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते, ते साबणाने विरघळते. रोटाव्हायरसवर असे वेष्टन नाही. तो काही तास हातांवर आणि कित्येक दिवस खेळणी, भांडी, दाराच्या कड्या यांवर टिकून राहतो. साबण त्याला फोडत नाही, पण घासून, भरपूर पाण्याने धुतले तर तो हातांवरून निघून जातो. म्हणून बाळाची शी धुतल्यावर नुसते हात ओले करून भागत नाही, चोळून धुवावेत.

लसीचे थेंब

तरीही हात धुऊन आणि पाणी उकळून हा विषाणू पूर्णपणे अडत नाही, हे श्रीमंत देशांच्या अनुभवावरून दिसले. म्हणून लस हवी होती. भारतातील लसीची कथा दिल्लीच्या एम्स रुग्णालयातून सुरू होते. १९८० च्या दशकात डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की तेथे जन्मलेल्या काही बाळांना रोटाव्हायरसचा संसर्ग झाला, पण ती आजारी पडली नाहीत आणि पुढे त्यांना तीव्र जुलाबांपासून संरक्षणही मिळाले. तो विषाणू तपासला तेव्हा कळले की त्याच्या ११ तुकड्यांपैकी एक, नेमका काट्याचे प्रथिन बनवणारा तुकडा, गुरांच्या विषाणूकडून आलेला आहे. दोन विषाणू एकाच पेशीत शिरले की पत्त्यांसारखी अशी अदलाबदल होते. त्या सौम्य विषाणूपासून रोटाव्हॅक ही लस तयार झाली. ६,७९९ बाळांवर तिची मोठी चाचणी झाली, ती दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुणे जिल्ह्यातील वढू येथे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने रोटासिल ही दुसरी लस तयार केली. तिचा गाभा गुरांच्या विषाणूचा आणि बाहेरच्या कवचाचे प्रथिन माणसाच्या विषाणूचे आहे.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार लसीआधी आपल्या देशात या विषाणूने दरवर्षी सुमारे ७८ हजार मुले दगावत आणि पावणेनऊ लाखांच्या आसपास मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागे. २०१६ मध्ये चार राज्यांत सरकारी लसीकरणात ही लस आली, २०१९ मध्ये महाराष्ट्रातही सुरू झाली. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना असे तीन डोस तोंडावाटे, सरकारी केंद्रात मोफत मिळतात. काही कारणाने उशीर झाला तर पहिला डोस वर्षाच्या आत घेता येतो.

"लस देऊनही जुलाब झाले," अशी तक्रार येते. जुलाबाची इतरही अनेक कारणे आहेत, त्यांवर ही लस चालत नाही. रोटाव्हायरसच्या तीव्र आजारापैकी निम्म्याहून थोडे अधिक आजार रोटाव्हॅकने पहिल्या वर्षात टळल्याचे त्या चाचणीत दिसले. आकडा शंभर नाही, हे खरे. पण दाखल होणाऱ्या दर दोन बाळांमागे एक बाळ घरीच हसत-खेळत राहिले, तर त्या आईला विचारा त्याची किंमत किती!

दुसरी भीती आतड्यात आतडे शिरण्याची. अमेरिकेत १९९८ मध्ये आलेली एक जुनी लस अशा तक्रारींमुळे १९९९ मध्ये मागे घेतली गेली. त्या वेळी साधारण दहा हजार बाळांमागे एकाला हा त्रास झाला, असा अंदाज होता. म्हणून नंतरच्या लसींवर बारीक नजर ठेवली गेली. रोटाव्हॅक सुरू झाल्यावर भारतात झालेल्या पाहणीत असा वाढीव धोका आढळला नाही. तरी लस घेतलेली असो वा नसो, बाळ थांबून थांबून कळवळून रडत असेल, पाय पोटाशी घेत असेल, हिरव्या उलट्या होत असतील किंवा शौचातून रक्तमिश्रित बुळबुळीत पदार्थ पडत असेल, तर तासभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

यंत्र आजही कामाचे

आज रोटाव्हायरसचे निदान सोप्या रासायनिक चाचण्यांनी होते, त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागत नाही. पण अनोळखी विषाणू समोर आला की आधी त्याचा चेहरा पाहावा लागतो. २०२० च्या जानेवारीत केरळमध्ये देशातील पहिला करोना रुग्ण सापडला. त्याच्या घशातील नमुन्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने याच यंत्राने सात विषाणूकण टिपले. त्यातील सर्वांत स्पष्ट कण ७५ नॅनोमीटरचा होता, आणि त्याच्या कडेने मुकुटासारखी काट्यांची झालर होती. चाचणीचा कागद जे सांगत होता, ते डोळ्यांनी दिसले.

पालकांनी लक्षात ठेवावे

जुलाब होणाऱ्या बाळाचे डोळे खोल गेले, टाळू खोल गेली, रडताना अश्रू येत नाहीत, तोंड कोरडे पडले, सहा तासांत लघवी झाली नाही, पोटाच्या कातडीला चिमटा घेतल्यावर ती हळूहळू पूर्ववत होते, किंवा बाळ सुस्त पडून आहे आणि पाणीही पीत नाही, यांपैकी काही दिसले तर घरी थांबू नये. वाटेतही जलसंजीवनी आणि अंगावरचे दूध चालू ठेवावे.

घरात लहान मूल असेल तर जलसंजीवनीची दोन पाकिटे कायम ठेवा. रात्री दोन वाजता औषधाचे दुकान उघडे नसते. आणि घरातील बाळाचे लसीचे कार्ड आजच काढून पाहा. रोटाव्हायरसच्या रकान्यात तीनही डोसांच्या तारखा आहेत का? नसतील आणि बाळ अजून वर्षाच्या आत असेल, तर येत्या लसीकरणाच्या दिवशी त्याला आरोग्य केंद्रात घेऊन जा.